भरलेला नॅस उघडेना : आधी शोधा, भरलंय नेमकं कुठे

संगणकावर नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली, मोबाइलवरचं फोटोंचं ॲप नुसतं गोल गोल फिरतंय, आणि ब्राउझरमधून आत शिरायला जावं तर जागा संपल्याचा संदेश. घरच्या नॅसची (घरभराच्या फाइली साठवणाऱ्या, नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्याची) ही गत झाली की हात आपोआप दोन ठिकाणी जातात: डब्यामागचं रीसेटचं भोक आणि भिंतीवरचं बटण. दोन्हीपासून लांब राहा. डेटा बहुधा जागच्या जागी सुखरूप असतो. त्याचं नुकसान होतं ते पुढच्या तासाभरातल्या घाईमुळे.

डिस्क भरली तर नवीन काही साठवता येऊ नये हे समजतं, पण उघडायला काय हरकत? हरकत अशी की लॉगिन करणं हेसुद्धा लिहिणंच आहे. तुम्ही पासवर्ड दिलात की डबा कुठेतरी सेशनची फाइल बनवतो, लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ओळ टाकतो, डेटाबेसात नोंद करतो. यातलं एकही लिहिता आलं नाही तर तो दार उघडत नाही. म्हणून प्रश्न ‘किती भरलं’ हा नसून ‘कोणता कप्पा भरला’ हा आहे. सिस्टीमचा (डब्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा) कप्पा भरणं, डेटाचा व्हॉल्यूम (तुमच्या फाइलींचा कप्पा) भरणं आणि व्हॉल्यूमच्या पोटात स्नॅपशॉट (जुन्या अवस्थेची जपलेली प्रत) किंवा मेटाडेटाने (फाइलींबद्दलच्या नोंदींनी) जागा खाणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी नेटवर्कची शंका मिटवा

डिस्क भरल्याची सूचना आठवडाभर येत असते, त्यामुळे उघडलं नाही की दोष तिच्यावरच ढकलला जातो. पाच मिनिटं खर्चून खात्री करा.

राउटरच्या पानावर जाऊन नॅसचा आयपी पत्ता पाहा. लाइट जाऊन आल्यावर राउटरने पत्ता बदललेला असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. सायनॉलॉजी कंपनीच्या नॅससाठी सायनॉलॉजी असिस्टंट आणि क्यूनॅप कंपनीच्या नॅससाठी क्यूफाइंडर प्रो ही शोधून देणारी सॉफ्टवेअर आहेत. मिळालेला पत्ता पिंग करा (डबा उत्तर देतो का ते पाहणारी कमांड), मग ब्राउझरमध्ये उघडा (सायनॉलॉजीचा पोर्ट, म्हणजे पत्त्यापुढे : देऊन लिहायचा क्रमांक, 5000 किंवा 5001, क्यूनॅपचा बहुधा 8080 किंवा 443). पिंगला उत्तर येतंय, पान उघडतंय, पण फक्त विंडोजमधून फोल्डर उघडत नाही, तर डिस्क निर्दोष असू शकते. विंडोज 10 च्या 2017 मधल्या 1709 आवृत्तीपासून एसएमबी 1 हा नेटवर्कवरचे फोल्डर उघडण्याचा जुना प्रोटोकॉल आपोआप येत नाही. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीनंतर पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून उघडणारे फोल्डर बऱ्याच संगणकांवर बंद झाले. अपडेट आणि डिस्क भरणं एकाच आठवड्यात आलं की भलत्याच दिशेला तपास सुरू होतो. अशा वेळी नॅसवर स्वतंत्र युजर आणि पासवर्ड करा, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा आणि पुन्हा जोडा. एसएमबी 1 चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नका.

पिंगलाच उत्तर नसेल तर केबल, स्विच, राउटर. तिथे हा लेख कामाचा नाही.

डिस्कची तब्येत, साफसफाईच्या आधी

वेब पान उघडत असेल तर काहीही डिलीट करण्याआधी स्टोरेज मॅनेजरमध्ये डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पाहा. तीन आकडे महत्त्वाचे: क्रमांक 5 (बदली दिलेले सेक्टर), 197 (बदलीच्या रांगेत असलेले) आणि 198 (वाचताच न आलेले). 197 किंवा 198 शून्याच्या वर असतील, किंवा रेडची (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या मांडणीची) स्थिती ‘डिग्रेडेड’ असेल, तर साफसफाई नंतर. आधी महत्त्वाचं बाहेर काढा. लाखो फाइली डिलीट करण्यात डिस्कचं डोकं प्रचंड नाचतं, आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर डबा रीतसर बंद करा, पुढचं काहीच करू नका.

बाहेर काढताना वायफाय वापरू नका. गिगाबिट केबलवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण 110 एमबी मिळतात, म्हणजे 1 टीबीला अडीच तास. हेच काम 100 एमबीपीएसच्या दुव्यावर सेकंदाला 11 एमबीने चालतं आणि पूर्ण दिवस घेतं. वेग नेमका 11 च्या आसपास अडकलेला दिसला तर केबल बदला. आतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की दुवा गुपचूप 100 वर उतरतो, आणि दोष मात्र ‘भरलेल्या’ नॅसला मिळतो.

कुठे भरलंय ते पाहण्याची पद्धत

वेब पानावरचा गोल आलेख फक्त डेटाच्या व्हॉल्यूमचा असतो. सिस्टीमचा कप्पा त्यात दिसतच नाही. त्यासाठी एसएसएचने (आपल्या संगणकावरून डब्याला थेट कमांड देण्याच्या सोयीने) आत जावं लागतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये कमांड प्रॉम्प्टमध्येच एसएसएच आहे, वेगळं काही बसवायला नको. (कमांड इथे उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.) सायनॉलॉजीत ॲडमिन गटातल्या युजरनेच आत जाता येतं. आत गेल्यावर ‘सुडो डॅश-आय’ टाकून पुन्हा तोच पासवर्ड द्या. वेब लॉगिन बंद पडलेलं असतानाही एसएसएच बहुतेकदा चालतं, बशर्ते ते आधी चालू करून ठेवलेलं असेल.

मग ‘डीएफ डॅश-एच’. समजा पडद्यावर असं आलं: एमडी0 या नावासमोर आकार 2.3 जीबी, वापर 2.3 जीबी, शिल्लक 0, 100 टक्के, शेवटी नुसती तिरकी रेघ (म्हणजे सिस्टीमचा कप्पा). त्याखाली व्हॉल्यूम1 समोर 3.5 टीबी, वापर 2.1 टीबी, 60 टक्के. इथेच निदान झालं. डेटाला 1.4 टीबी मोकळी आहे, दार अडलंय ते सिस्टीमचा कप्पा तुंबल्यामुळे. या अवस्थेत लग्नाचे व्हिडिओ डिलीट करून काहीच साधणार नाही, कारण ते दुसऱ्याच कप्प्यात आहेत.

उलट व्हॉल्यूम1 समोर 99 किंवा 100 टक्के आणि सिस्टीमसमोर 60-70 असतील तर दुखणं डेटाचं.

क्यूनॅपवाल्यांसाठी एक इशारा. तिथे यादीत एमएनटी-एक्स्ट अशी एक छोटी जागा जवळपास भरलेली दिसते. ते नेहमीचंच आहे, तिथे हात घालू नका. पाहायची ओळ ‘कॅशडेव्ह1’ नावाची. शिवाय क्यूनॅपमध्ये ॲपं आणि सिस्टीमचा बराच डेटा पहिल्या व्हॉल्यूमवरच राहतो, त्यामुळे तिथे डेटा भरला की ॲपं आणि लॉगिनही लगेच लंगडतं.

व्हॉल्यूम ईएक्सटी4 या फाइल सिस्टीमचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) असेल तर ‘डीएफ डॅश-आय’ हेही एकदा चालवा. जागा असूनही ‘जागा नाही’ येत असेल तर आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या ठरावीक जागा) संपलेले असू शकतात. एखाद्या ॲपने लाखो चिमुकल्या फाइली केल्या की असं होतं. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमवर या रकान्यात शून्य दिसतं, त्यात काही बिघडलेलं नसतं.

सिस्टीमचा कप्पा तुंबला असेल तर

सायनॉलॉजीत हा कप्पा जुन्या बसवणुकीत साधारण 2.4 जीबीचा असतो, अलीकडच्या बसवणुकीत 8 जीबीचा. प्रत्येक अंतर्गत डिस्कवर त्याची प्रत असते. एवढीशी जागा भरायला एक चुकलेली स्क्रिप्ट पुरते.

शोधण्यासाठी ‘डीयू डॅश-एक्सएच डॅश-डॅश-मॅक्स-डेप्थ बरोबर 1’ आणि पुढे तिरकी रेघ. यातलं एक्स अक्षर विसरू नका. ते नसेल तर कमांड डेटाच्या व्हॉल्यूममध्येही शिरते आणि तासभर फिरत बसते. जे फोल्डर फुगलेलं दिसेल त्यात शिरून हीच कमांड पुन्हा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार: यूएसबी डिस्कवर रोज रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट. यूएसबी डिस्क जोडलेली असते तेव्हा ‘व्हॉल्यूमयूएसबी1’ हे फोल्डर त्या डिस्कचं दार असतं. डिस्क काढून नेली, केबल सैल झाली, की दार राहतं आणि मागे खोली नसते. स्क्रिप्टला याचा पत्ता नसतो. ती फोल्डर बनवते आणि सगळा बॅकअप थेट सिस्टीमच्या कप्प्यात ओतते. पहिल्याच रात्री 2 जीबी संपतात. डॉकर कंटेनरला (ॲप वेगळ्या खोक्यात चालवण्याच्या सोयीला) चुकीचा रस्ता दिला की हेच होतं, आणि बंद पडलेल्या दुसऱ्या व्हॉल्यूमच्या नावाने कोणी लिहीत राहिलं तरी हेच. म्हणून तपासताना यूएसबी डिस्क रीतसर इजेक्ट करून काढून ठेवा. त्यानंतरही त्या फोल्डरमध्ये काही जीबी दिसले तर चोर सापडला. ते काढून टाका, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘डिस्क खरोखर माउंट (जोडलेली) आहे का’ हे तपासणारी ओळ घाला.

दुसरा संशयित म्हणजे ‘व्हार’ या सिस्टीमच्या फोल्डरखालचा लॉग. फुगलेली लॉग फाइल थेट डिलीट करू नका. ज्या सेवेने ती उघडून ठेवली आहे तिच्या लेखी ती अजून आहेच, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. ती रिकामी करा: ‘ट्रंकेट डॅश-एस 0’ आणि फाइलचं नाव. आधीच डिलीट करून बसला असाल तर ती सेवा किंवा डबा रीस्टार्ट केल्यावर जागा परत मिळते. ‘रीस्टार्ट करून पाहा’ असं सायनॉलॉजीचा संदेश सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

एसएसएच बंद ठेवलं असेल तर? डब्याच्या पुढच्या बाजूचं पॉवरचं बटण बीप येईपर्यंत दाबून धरा, दिवा लुकलुकू लागला की सोडा, पूर्ण बंद होऊ द्या. यूएसबीची सगळी उपकरणं काढा, चालू करा, आणि वर येताच, सेवांनी पुन्हा लिहायला सुरुवात करण्याआधी लॉगिन करून बघा. पुष्कळदा तेवढ्या फटीतून आत जाता येतं. आत गेलात की सगळ्यात आधी एसएसएच चालू करा. तेही जमलं नाही तर कंपनीच्या मदत केंद्राकडे जाणं बरं. एकच डिस्क काढून लिनक्स संगणकावर ‘दुरुस्त’ करू नका. बाकीच्या डिस्कवरच्या प्रतींशी तिचा मेळ बिघडतो आणि दुखणं वाढतं.

रीसेटच्या भोकाबद्दल इथेच सांगून टाकतो. सायनॉलॉजीवर 4 सेकंद दाबून एक बीप आला की ॲडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी मूळ पदावर जाते. त्यानंतर 10 सेकंदांच्या आत पुन्हा 4 सेकंद दाबलं तर सिस्टीम नव्याने बसवायची तयारी सुरू होते. क्यूनॅपवर 3 सेकंदांचा साधा आणि 10 सेकंदांचा मोठा रीसेट. यातला कुठलाही जागा रिकामी करत नाही. आणि नव्याने बसवताना पडद्यावर डिस्क पुसण्याबद्दल काहीही विचारलं गेलं तर तिथेच थांबा.

डेटाचा व्हॉल्यूम भरला असेल तर

आधी भरणं थांबवा. नाहीतर तुम्ही 20 जीबी मोकळे कराल आणि कॅमेरे रात्रीत ते गिळतील. 2 एमबीपीएसने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी लिहितो. असे चार कॅमेरे म्हणजे दिवसाला 86 जीबी, आणि 4 टीबीची डिस्क दीड महिन्यात फुल. रेकॉर्डिंग, मोबाइलचे फोटो अपलोड, मॅकचा टाइम मशीन बॅकअप, टॉरेंट, डॉकर हे सगळं काही वेळ बंद करा.

मग सगळ्यात स्वस्त जागा: रिसायकल बिन. विंडोजमधून शिफ्ट धरून डिलीट केलं तरी फाइल नॅसच्या स्वतःच्या बिनमध्येच जाते, कारण विंडोजच्या शिफ्टला तिथे कोणी विचारत नाही. म्हणूनच ‘दोनशे जीबी उडवले तरी आकडा हलेना’ ही तक्रार इतकी ऐकू येते. सायनॉलॉजीत कंट्रोल पॅनेल, शेअर्ड फोल्डर, ॲक्शन, आणि सगळे रिसायकल बिन रिकामे करण्याचा पर्याय. क्यूनॅपमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क रिसायकल बिनच्या पानावर.

बिन रिकामा करूनही आकडा हलला नाही तर स्नॅपशॉट. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. त्यात दिसणारी फाइल तुम्ही आज डिलीट केलीत तरी फोटोसाठी तिची जागा राखून ठेवावी लागते. शेवटचा तिला धरून ठेवणारा स्नॅपशॉट जाईपर्यंत एक बाइटही सुटत नाही. म्हणून क्रम उलटा: आधी जुने स्नॅपशॉट, मग फाइली. सायनॉलॉजीत स्नॅपशॉट रेप्लिकेशनमध्ये, क्यूनॅपमध्ये स्टोरेज अँड स्नॅपशॉट्समध्ये. सर्वांत जुन्यापासून सुरुवात करा, कालचा आणि आजचा ठेवा. काढल्यावर लगेच आकडा बदलेल ही अपेक्षा नको. बीटीआरएफएस हे काम मागच्या मागे करतं, मोठ्या व्हॉल्यूमवर काही तास लागतात. या वेळात रीस्टार्ट मारू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. घरात रॅन्समवेअरची शंका असेल, म्हणजे फाइलींची नावं बदललेली, विचित्र एक्स्टेन्शन लागलेली, तर जागा अचानक भरण्याचं कारण तेच असू शकतं. प्रत्येक फाइल नव्याने लिहिली जाते आणि स्नॅपशॉट जुनी प्रत धरून ठेवतात. तिथे स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे एकमेव औषध गटारात ओतणं.

आता डोकं खाणारा प्रकार: डिलीट करायला गेलात तरी ‘जागा नाही’. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टीम जुन्या नोंदीवर खोडरबर चालवत नाहीत, बदललेली नोंद नव्या जागी लिहितात. म्हणजे काढून टाकायलाही थोडी जागा लागते. झेडएफएस त्यासाठी पूलचा (डिस्कच्या एकत्रित साठ्याचा) साधारण 1/32 भाग स्वतःकडे दडवून ठेवतं, त्यामुळे तिथे हे क्वचित होतं. बीटीआरएफएसवर मेटाडेटाची जागा वेगळी कापून ठेवलेली असते. ती संपली आणि नवी कापायला मोकळी जागा उरली नाही तर व्हॉल्यूम ‘रीड-ओन्ली’ होऊ शकतो. वाचता येतं, लिहिता-पुसता येत नाही. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम यूसेज’ आणि पुढे व्हॉल्यूमचा रस्ता ही कमांड दिल्यावर ‘अनअलोकेटेड’ समोर नगण्य आकडा दिसला तर हेच झालंय.

उपाय क्रमाने असे. एकदा रीतसर रीस्टार्ट करा. व्हॉल्यूम लिहिता येण्याच्या अवस्थेत परत आला तर लगेच एक जुना स्नॅपशॉट काढा. तेही होत नसेल तर स्नॅपशॉट नसलेल्या फोल्डरमधली, नको असलेली एखादी भली मोठी फाइल ट्रंकेटने शून्यावर आणा, मग डिलीट करा. थोडी जागा सुटली की ‘बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट डॅश-डीयूसेज बरोबर 0’ आणि पुढे व्हॉल्यूमचा रस्ता. हे पूर्ण रिकामे तुकडे परत करतं. मग हाच आकडा 5 आणि 10. एकदम 50 टाकू नका, भरलेल्या व्हॉल्यूमवर ते अर्ध्यात लटकतं. आणि रीस्टार्टनंतरही व्हॉल्यूम रीड-ओन्लीच राहिला तर तो भरल्यामुळे नव्हे, फाइल सिस्टीम बिघडल्यामुळे तसा असण्याची शक्यता धरा. तेव्हा वाचता येतंय तोवर सगळं बाहेर काढा. बीटीआरएफएसची ‘चेक रिपेअर’ कमांड इंटरनेटवर दिसली म्हणून चालवू नका. ती बरं करण्यापेक्षा कायमचं मोडण्यासाठीच जास्त ओळखली जाते.

ईएक्सटी4 वाल्यांना ही कटकट नाही. तिथे बिन रिकामा केला की जागा मिळते.

यानंतर उरलेली जागा कोणी खाल्ली ते पाहण्यासाठी सायनॉलॉजीत स्टोरेज ॲनालायझर आहे. घरोघरी सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: कुटुंबातल्या चार फोनवरून चार वेळा चढलेला एकच बारशाचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपच्या फोल्डरसकट चढलेली सुप्रभाताची चित्रं, आणि मॅकचा टाइम मशीन बॅकअप. टाइम मशीनला मर्यादा घातली नाही तर तो मिळेल तेवढी जागा व्यापतो, तसाच बनवलेला आहे. त्या फोल्डरला मॅकच्या डिस्कच्या दुप्पट कोटा द्या, मग तो जुने बॅकअप आपले आपण काढतो. डॉकरच्या कंटेनरांचे लॉगही पाहा. मुळात त्यांना आकाराची मर्यादाच नसते. ‘मॅक्स-साइझ’ 10 एमबी आणि तीन फाइली एवढं घातलं की पुरे.

डिस्क वाढवायचीच असेल तर

4 टीबीची डिस्क डब्यात 3.6 दाखवते, ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. मिररमध्ये (दोन डिस्कवर एकच डेटा) किंवा एसएचआरमध्ये (सायनॉलॉजीची स्वतःची रेड) एक डिस्क काढायची, मोठी लावायची, रिपेअर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरवणं) पूर्ण होऊ द्यायचं, मगच दुसरी. दोन डिस्कच्या डब्यात दुसरी मोठी डिस्क लागेपर्यंत जागा वाढत नाही. घेताना सीएमआर (पट्टे शेजारी शेजारी लिहिणाऱ्या) प्रकारचीच घ्या. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी कंपनीच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही 2 ते 6 टीबी डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. त्यांच्यावर रिपेअर फार रेंगाळतं. रिपेअर चालू असताना एकाच डिस्कवर सगळा संसार असतो, तेव्हा पावसाळ्यात लाइटचा खेळ चालू असलेल्या गावात हे काम यूपीएसशिवाय नको. यूपीएसची यूएसबी केबलही डब्याला जोडा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी तो स्वतःहून बंद होईल. घरचा इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर नसेल तर त्याच्या बदलण्याच्या क्षणालाच नॅस बंद पडू शकतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

बीटीआरएफएस किंवा झेडएफएसवर 80 टक्क्यांना थांबायचं, 90 ला नव्हे. सूचना ईमेलवर येते का ते चाचणीचा मेल पाठवून पाहा. कित्येकांच्या डब्यातला पत्ता जुन्या नोकरीचा असतो. राउटरमध्ये नॅसचा पत्ता राखीव करा, बिन दर आठवड्याला आपोआप रिकामा होईल असं टास्क शेड्युलरमध्ये लावा, आणि स्नॅपशॉट किती ठेवायचे याला आकडा द्या.

शिवाय एक राखीव फाइल ठेवा. स्नॅपशॉट बंद असलेलं आणि रिसायकल बिन नसलेलं एक शेअर्ड फोल्डर करा, त्यात 10 जीबीचा एखादा नकोसा व्हिडिओ टाका आणि नाव द्या ‘जागा संपली तर हे उडवा’. नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल चालणार नाही, कॉम्प्रेशन चालू असेल तर ती डिस्कवर काहीच जागा धरत नाही. मात्र हे फोल्डर रोज बॅकअपमध्ये जाणार नाही एवढं बघा.